दोन केबल लावल्या तरी स्पीड तेवढाच

पर्वरीला आमच्या ऑफिसात दोन लिनक्स सर्व्हर आहेत, रोज रात्री एकावरचा डेटा दुसऱ्यावर बॅकअप होतो आणि त्याला पाच तास लागायचे. दोघांनाही दोन-दोन गिगाबिट पोर्ट, त्यातला एकेक रिकामाच, तर सर म्हणाले दुसरी केबल पण लाव की, डबल स्पीड मिळेल. मीपण मान डोलावली. तिथेच चुकलं.

नेटप्लॅनमध्ये (लिनक्सची नेटवर्क सेटिंग) बाँड बनवला, म्हणजे दोन पोर्ट मिळून एक, मोड ८०२.३एडी म्हणजे आपलं एलएसीपी (दोन्ही टोकं आपसात बोलून केबल एकत्र करतात ती पद्धत), केबल जिवंत आहे का बघणारा एमआयआय मॉनिटर १०० मिलिसेकंद, आणि सगळ्या केबल जिथे येतात त्या स्विचवर लॅग, म्हणजे तिकडचा पोर्टांचा ग्रुप. पहिल्यांदा चारही पोर्ट एकाच ग्रुपात टाकले (हसा), मग आठवलं की प्रत्येक सर्व्हरचा ग्रुप वेगळा हवा. ते सुधारलं तर भलताच प्रकार, काही पीसीवरून पिंग जातोय, काहींवरून नाही. अर्धा दिवस केबल बदलत बसलो, बाहेर धो धो पाऊस, दोनदा लाईट गेली. शेवटी प्रॉकमधली (लिनक्स स्वतःची हालहवाल दाखवतो तो फोल्डर) बाँडिंगची फाइल उघडून बघितली तर पार्टनर मॅक अॅड्रेस, म्हणजे समोरच्या स्विचच्या हार्डवेअरचा पत्ता, सगळे शून्य! स्विचवर लॅगचा टाईप स्टॅटिकच राहिलेला, म्हणजे समोरच्याशी न बोलता जोडणारा. समोरून एलएसीपीचं उत्तर येत नाही म्हणून लिनक्सने एकच पोर्ट चालू ठेवलेला आणि स्विच मात्र दोन्हीवर पॅकेट टाकतोय, दुसऱ्यावरची सगळी वाया. टाईप एलएसीपी केला आणि दोन्ही पोर्टचा अॅग्रीगेटर आयडी (ग्रुपचा नंबर) एक झाला.

मग स्पीड मोजणारा आयपर्फ मारला. ९४१ मेगाबिट, म्हणजे एकाच केबलचा स्पीड. चार स्ट्रीम (एकाच वेळी चार कनेक्शन) लावले, तरी ९४१.

सरांना समजवायला मांडवी कामाला आली. पणजी-पर्वरी आता तीन पूल आहेत, २०१९ ला अटल सेतू झाला तो धरून, पण म्हणून एक कदंबा बस तीन तुकडे होऊन तिन्ही पुलांवरून जात नाही, ती एकाच पुलावरून जाणार. एका कनेक्शनचं तसंच, पॅकेट उलटसुलट पोचू नयेत म्हणून ते एकाच केबलला चिकटतं. आणि कोणी कुठल्या पुलावरून जायचं ते हॅश, म्हणजे पत्त्यांवरून काढलेला आकडा, ठरवतो. लिनक्सचा डिफॉल्ट लेयर२, तो बघतो मॅक, आमच्याकडे मॅकची जोडी एकच, मग चार स्ट्रीम काय आणि चाळीस काय, सगळे एकाच पुलावर.

लेयर३+४ करून बघितलं, त्यात पोर्ट नंबरपण धरतात (केबलचा पोर्ट नव्हे, प्रत्येक कनेक्शनला सॉफ्टवेअरमध्ये असतो तो नंबर). निघताना ट्रॅफिक दोन केबलवर वाटला गेला खरा, पण स्विचमधून दुसऱ्या सर्व्हरकडे जाताना परत एकाच केबलवर! हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे वाचलेलं पण डोक्यात शिरलं नव्हतं: सर्व्हरचा हॅश फक्त बाहेर पडणाऱ्या पॅकेटचं ठरवतो, पुढचं स्विच स्वतःच्या हॅशने ठरवतो. आमच्या स्विचमध्ये मॅक किंवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) एवढेच पर्याय, पोर्ट नंबरचा नाहीच.

मग असं केलं, स्विचला आयपी, लिनक्सला लेयर२+३ (मॅक आणि आयपी दोन्ही बघणारा), आणि बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरला अजून एक आयपी दिला, एक सम एक विषम, म्हणजे हॅश वेगळा पडतो. एका आरसिंकऐवजी (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) दोन, एकेक फोल्डर एकेका आयपीवर. दोन्ही मिळून १.८ गिगाबिटच्या वर गेलं तेव्हा खाली जाऊन मिरची भजी खाऊन आलो.

खरं तर नुसत्या बॅकअपसाठी एवढा खटाटोप नको, पण एक केबल तुटली तरी काम चालू राहतं हे मला स्पीडपेक्षा मोठं वाटतं. जुना मांडवी पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तेव्हा बाबा फेरीबोटीच्या रांगेत तासन् तास उभे असायचे, ते अजून सांगतात. मी पिंग चालू ठेवून एक केबल उपटली, एक पॅकेट हरवलं फक्त.

बॅकअप आता तीन तासांत होतो. अडीचच लागायला हवेत, पण स्कॅनचा फोल्डर जड आहे, त्याचा आरसिंक मागे राहतो आणि दुसरी केबल शेवटचा एक तास नुसती बसून. तो फोल्डर फोडायचाय, चतुर्थी झाली की बघतो.