अठरा किलो हळद आणि पाचवा हिस्सा

मी मिरजेची. बी.कॉम. झाल्यापासून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, हिशेब लिहिण्याचे काम करते. दुकान हळदीचे असल्यामुळे फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत माझ्या ओढणीला, वह्यांच्या कडांना आणि डब्याच्या झाकणालाही पिवळी झाक येते. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघात 'वचन (बायबलमधले वाक्य) रोजच्या जीवनात कसे उतरवावे' हा विषय वर्षातून दोन-तीनदा तरी निघतो, आणि दर वेळी मी हात वर करून काहीतरी बोललेली आहे. गेल्या हंगामात मात्र एक वचन माझ्या खतावणीत येऊन बसले, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

फेब्रुवारीत एका शेतकऱ्याची राजापुरी हळद दुकानात आली होती. पोती काट्यावर चढत होती, तोलार आकडे पुकारत होता आणि मी ते चिठ्ठीवर उतरवत होते. बारदान वजा जाता निव्वळ वजन 1,064 किलो भरले. क्विंटलला 13,500 रुपये असा दर निघाला होता. त्यानंतर चिठ्ठीवरून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला मिळायच्या पैशांचा हिशेब, लिहिताना मी 1,064 च्या जागी 1,046 लिहिले. खरेदीदाराचे बिल दुसऱ्या मुलाने त्याच चिठ्ठीवरून संगणकावर बरोबर केले होते. म्हणजे खरेदीदाराने 1,064 किलोंचे पैसे दिले, शेतकऱ्याला 1,046 किलोंचे मिळाले आणि मधले 18 किलो दुकानात राहिले. त्यांची किंमत 2,430 रुपये होते.

ही गोष्ट मार्चअखेरीचे हिशेब मिळवताना, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघड झाली. आमच्या दुकानातल्या वयस्कर दिवाणजींनी मला पहिल्याच महिन्यात शिकवले होते की, फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. अठराला नऊने भाग जातो. मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या आणि तासाभरात ती पट्टी हातात आली. अक्षर माझेच होते. दिवाणजींना दाखवल्यावर ते चष्मा वर करून म्हणाले, "एवढ्यासाठी कोण विचारायला येतंय? किरकोळ खात्यात टाक आणि पुढचं बघ." त्यांच्या मनात लबाडी नव्हती. मार्चअखेर ज्याने पाहिली आहे, त्याला तो थकवा ठाऊक असतो. मी फरक किरकोळ खात्यात टाकला, ताळा जुळला आणि संध्याकाळच्या बसने घरी आले.

वजनमापाविषयी पवित्र शास्त्रात काय लिहिले आहे, हे मला लहानपणापासून पाठ आहे. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे 1894 मध्ये डॉक्टर वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या इस्पितळात, कपड्यांच्या खोलीत काम करत असे. रोज किती चादरी धुवायला गेल्या आणि किती परत आल्या हे ती मोजत असे, आणि घरी आल्यावर आम्हा भावंडांकडून संडे स्कूलची सुवर्णवचने म्हणून घेत असे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातले पहिलेच वचन तिचे विशेष आवडते होते. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर त्याहून बारीक सांगितले आहे : तुझ्या पिशवीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन प्रकारची वजने नसावीत. मूळ हिब्रूमध्ये तेथे 'वजन' यासाठी 'दगड' असा शब्द आहे, कारण त्या काळी व्यापारी पिशवीत दगडाचीच वजने बाळगत. घेताना जड दगड काढायचा आणि देताना हलका, अशी ती लबाडी होती. आमोस संदेष्ट्यानेही माप लहान करून मोल मोठे करणाऱ्या व्यापाऱ्यांना याच गोष्टीवरून खडसावले आहे.

मी मनाला समजावत होते की, या वचनांचा माझ्याशी संबंध नाही. आमच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे, माझ्या पिशवीत दोन दगड नाहीत आणि मी काही मुद्दाम केलेले नाही. हा युक्तिवाद पाच दिवस टिकला.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि पेला घेण्याचा विधी, होता. मेजाजवळ जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, हे पाळकसाहेब दर वेळी सांगतात, आणि दर वेळी ते शब्द माझ्या कानांवरून निघून जातात. त्या दिवशी मात्र डोळे मिटले आणि मला ती पट्टी दिसली : निळ्या शाईतला 1,046, आणि चाराचे टोक सहाला टेकलेले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की, तू वेदीजवळ अर्पण आणले असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. हे वचन मी याआधी कितीतरी वेळा वाचले होते, परंतु अर्ध्यावर उठून जाण्याची ती सांगितलेली घाई मला कधी जाणवली नव्हती. भाकर आणि पेला माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो शेजारच्या मावशींकडे पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही.

दुपारी मी गणना पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडला. कोणी दुसऱ्याचा अपराध केला तर त्याने आपले पाप कबूल करावे, पूर्ण भरपाई करावी आणि तिच्यात पाचवा हिस्सा घालून ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावी, असा तेथे नियम आहे. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात तोच हिशेब येतो, आणि दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण, आणशील त्याच दिवशी ज्याचे त्याला दे, असेही तेथे म्हटले आहे. मी बसल्या बसल्या गणित केले : 2,430 चा पाचवा हिस्सा 486, एकूण 2,916 रुपये. ख्रिस्ताच्या कृपेखाली असलेल्या माणसावर हा नियम जसाच्या तसा लागू होतो का, यावर तरुण संघात तास तास चर्चा होऊ शकते. मला एवढेच वाटले की, जक्कय या जकातदाराने लोकांचे लुबाडलेले चौपट परत करण्याचे सांगितले तेव्हा येशूने त्याला 'एवढे नको' असे म्हटले नाही. हा पाचवा हिस्सा व्याजासारखा नाही, असे माझे मत आहे. घेतलेल्या रकमेपेक्षा समोरच्याचे नुकसान नेहमीच मोठे असते आणि ते किती मोठे, हे आपल्याला कळत नाही; त्या न कळलेल्या भागासाठी तो ठेवलेला असावा. हे मत मी त्या दुपारी बनवले नव्हते. ते नंतर त्या शेतकऱ्याच्या सोप्यात बसून मला कळले.

सोमवारी दुकान उघडताच मी शेठना सांगितले. त्यांनी नुकतीच गल्ल्याची पूजा करून उदबत्ती लावली होती. पट्टी आणि चिठ्ठी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, गल्ल्यातून 2,430 रुपये मोजले आणि म्हणाले, "आजच पोचव. फोन करून जा." मी वर घातलेले 486 रुपये माझ्या पगारातले होते. ते कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी शास्त्रातला नियम सांगितला. त्यांनी मान हलवली आणि त्यावर काही बोलले नाहीत. दिवाणजी मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचे मला वाईट वाटले, कारण या कामात जे काही मला येते ते त्यांनीच शिकवलेले आहे.

शेतकऱ्याचे गाव वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या पुढे आहे. मी पोहोचले तेव्हा काका सोप्यात बसले होते आणि काकू पुढच्या लागणीसाठी हळदीचे गड्डे निवडत होत्या. पाणी झाले, चहा झाला. मी पाकीट पुढे ठेवून म्हणाले, "काका, फेब्रुवारीच्या पट्टीत चूक झाली होती. अठरा किलो कमी धरले गेले." काकांनी पाकिटाला हात लावला नाही. काकूंकडे पाहून ते म्हणाले, "बघ. म्या म्हणत न्हवतो?" मग त्यांनी सगळे सांगितले. घरी तोलून पोती टेम्पोत भरली होती आणि पट्टीत वजन कमी आले, तेव्हा वाटेत एखाद्या पोत्यातली हळद टेम्पोवाल्याने काढली असणार, असे घरात ठरले. तो पोरगा गावातलाच, गेली चार वर्षे त्यांचा माल नेणारा. त्याला त्यांनी तोंडावर विचारले. त्याने नाही म्हटले, शब्दाला शब्द वाढला, आणि तेव्हापासून त्याचा टेम्पो त्यांच्या दारात आलेला नव्हता. "पैसं काय, आलं न् गेलं," काका म्हणाले. "त्या पोराला आता काय तोंड दावू?"

मी जे वाक्य घरून ठरवून आणले होते, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. आपल्या भाषेत 'चूक झाली' असे म्हणण्याची फार चांगली सोय आहे : पाऊस झाला, उशीर झाला, चूक झाली. त्यात करणारा माणूस कोठेच सापडत नाही. गणना पुस्तकात भरपाईच्या आधी कबुली आहे आणि ती स्वतःच्या तोंडाने द्यायची आहे, हे मी रविवारी वाचले होते, पण रकमेच्या गणितात ती पहिली पायरी मी ओलांडून आले होते. मी पुन्हा सांगितले. आकडा मी चुकवला, तो मला सापडला तेव्हा मी तो किरकोळ खात्यात घालून झाकला, आणि पाच दिवस गप्प बसले. काकूंचे हात थांबले. दिवाणजींचे नाव घेण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला, आणि त्या दिवसात मी केलेल्या गोष्टींपैकी ती मला सर्वात अवघड वाटली.

काकांच्या फोनवरून मी त्या टेम्पोवाल्याशी बोलले. तो तेव्हा तासगावकडे बेदाण्याची खेप घेऊन चालला होता. मी माझे नाव, दुकान आणि सगळी हकिकत सांगितली. पलीकडे बराच वेळ फक्त इंजिनाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ताई, हे माझ्या आईला सांगा. तिला लई लागलंय." त्याचे घर दोन गल्ल्या पुढे होते. काका उठले, पायताण घातले आणि माझ्याबरोबर आले. त्या माउलीने मला आत घेतले, काकांना मात्र बसा म्हटले नाही, आणि ते उंबऱ्याबाहेरच उभे राहून हात जोडून बोलले. काकांची ती अवस्था माझ्या एका आकड्याने केली होती, आणि 486 रुपयांत ती मोजता येण्यासारखी नव्हती.

पुढच्या प्रभुभोजनाला मी मेजाजवळ गेले. शेजारच्या मावशींनी पेला माझ्या हातात देताना क्षणभर माझी बोटे धरली.

या हंगामात मी पट्टी लिहून झाली की शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि चिठ्ठी त्याच्या हातात देऊन आकडा त्याच्याकडून परत वदवून घेते. घाईच्या दिवशी यामुळे रांग लांबते आणि हमाल कुरकुर करतात. आता दिवाणजीही मान वर करून तो आकडा ऐकतात. काका यंदा मार्चमध्ये माल घेऊन आले, 920 किलो भरला. टेम्पो दुसऱ्याचा होता. तो पोरगा इतरांचा माल घेऊन यार्डात येतो, मला लांबून हात करतो आणि काकांच्या पोत्यांजवळून सरळ पुढे निघून जातो. मी रोज रात्री त्या दोघांची नावे एका प्रार्थनेत घेते.