तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठीच्या कामाला अनुदान कुठून आणायचं?

विदर्भात तालुक्याच्या गावात संस्था चालवणारी मंडळी भेटली की हा प्रश्न हमखास येतो. "आम्ही मुलांसाठी काम करतो, नोंदणी आहे, पैसा कुणाकडून मिळेल?" कुणाकडून, याचं उत्तर दोन ओळींत संपतं: कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातून सामाजिक कामासाठी काढलेला पैसा), खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान, आदिवासी भागात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, काही मोठे ट्रस्ट आणि गावातून शिकून बाहेर गेलेली कमावती माणसं. अर्ज मात्र बहुतेक वेळा दात्याच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच अडलेला असतो. म्हणून मी उलट विचारतो, तुमच्याकडे एका मुलामागे वर्षाला किती रुपये लागतात?

तीन गावांतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गांचं उदाहरण घेऊ. मुलं ६०, जुलै ते मार्च नऊ महिने, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १९८ दिवस. गावातल्याच बारावी-पदवी झालेल्या तीन ताई-दादांना महिना ४,००० प्रमाणे मानधन १,०८,०००. समन्वयक बारा महिने, १२,००० प्रमाणे १,४४,०००. पेट्रोल २४,०००. वह्या-पुस्तकं मुलामागे ६००, म्हणजे ३६,०००. फुटाणे-गूळ रोज मुलामागे ६ रुपये, ७१,२८०. समाजमंदिर ग्रामपंचायतीने फुकट दिलं तरी विजेचे गावाला महिना ५०० धरा, १३,५००. लेखापरीक्षण १५,०००. बेरीज ४,११,७८०, मुलामागे सुमारे ६,८६३ रुपये.

हा आकडा जास्त वाटला की लोक पहिली कात्री मानधनाला लावतात. तसं करू नका. ताई दिवाळीनंतर कापूस वेचणीला जाईल, तिथे तिला जास्त मजुरी मिळते, आणि वर्ग बंद पडेल. खरा भार समन्वयकाचा आहे, तो ६० मुलांवरच वाटला गेलाय. त्याच समन्वयकाकडे पाच गावं आणि १०० मुलं द्या, पेट्रोल ३०,००० करा, बाकी दर तेच ठेवा. बेरीज ५,७०,३०० होते आणि मुलामागचा खर्च ५,७०३ वर येतो. दात्यासमोर दोन्ही तक्ते ठेवा. निवड करायला मिळाली की बोलणं पुढे सरकतं.

महिने घालतानाही आपला मुलूख डोळ्यांसमोर हवा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिलपासून वर्ग दाखवले तर पहिल्याच अहवालात दोन-तीन महिने कोरे राहतात. सोयाबीन काढणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपेपर्यंत, आई-बाप वावरात असतात आणि मोठ्या मुली लहान भावंडं सांभाळत घरी. मेळघाटातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, ती होळीला परततात. प्रस्तावात बारमाही ९० टक्के हजेरी लिहिली असेल तर नोव्हेंबरात ती खोटी ठरते आणि दुसरा हप्ता थांबतो. त्या महिन्यांना ६० टक्केच लिहा, कारणही लिहा, आणि वर्गाची वेळ रात्री सात ते नऊ करा.

आता कागद. आपल्याकडे सगळ्यात जास्त प्रस्ताव फेरफारावर, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवर, मरतात. विश्वस्त वारले, कुणी राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहतो, एकावर एक तीन-चार कार्यकारिणी चढतात, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, हयात नसलेल्या माणसांची नावं अजून असतात. ठरावावर सही एकाची, नोंदीत नाव दुसऱ्याचं, हे दात्याच्या पहिल्याच तपासणीत दिसतं. उपाय कंटाळवाणा पण एकच: सगळ्यात जुन्या बदलापासून क्रमाने अर्ज, प्रत्येकासोबत विलंब माफीची विनंती, मग ताज्या परिशिष्टाची प्रमाणित प्रत. मधला एक बदल अडला तर पुढचेही खोळंबतात, त्यामुळे हे काम प्रस्ताव लिहायच्या आधी हाती घ्या.

सीएसआरसाठी आयकर खात्याची १२-ए (संस्थेला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही लागतात, शिवाय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदही करून टाका. देणगीदारांची वार्षिक यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला गेली नाही तर दिवसाला २०० रुपये भुर्दंड बसतो, लहान संस्थेला तो झेपत नाही.

कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ सांगतं की ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेत, आणि आपल्या आसपासच्या भागाला आधी प्राधान्य द्यावं. त्यामुळे चंद्रपूर-वणीत वेकोलि (कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स), भंडाऱ्यात मॉइल (मँगनीजची कंपनी), अशा खाणीच्या स्थानिक कार्यालयातच आधी प्रस्ताव द्या. दोघांचंही मुख्यालय नागपूरला आहे. वाशीम आणि गडचिरोली हे आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले, जिल्हे आहेत, तिथल्या संस्थांनी ते पहिल्या पानावर लिहावं. "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही" म्हणून कुणी समन्वयकाचा पगार छाटत असेल तर नम्रपणे नियम दाखवा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण सीएसआर व्यवस्थापनाला आहे. प्रकल्प राबवण्याचा आणि देखरेखीचा प्रत्यक्ष खर्च तिच्यात येत नाही. समन्वयक "कार्यक्रम खर्च" याच शीर्षाखाली लिहा.

फेब्रुवारीत "३१ मार्चच्या आत खर्च करा" म्हणून पैसा चालून आला तर सांभाळून. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू असतात. दप्तरं वाटून तो संपवण्यापेक्षा चालू प्रकल्प म्हणून पुढच्या वर्षांसाठी मंजूर करून मागा, कायद्यात तशी सोय आहे. परदेशी पैशाच्या मागे तूर्त लागू नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था तो पैसा तुमच्याकडे वळतीही करू शकत नाही.

दोन गोष्टींवर मी अडून बसतो. प्रस्ताव वजनदार दिसावा म्हणून निवासी सोय लिहू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर बाल न्याय कायदा, २०१५ खाली नोंदणी लागते. ती नसेल तर वर्षापर्यंत कैद, किंवा किमान लाखाचा दंड, किंवा दोन्ही. आणि शेतकरी आत्महत्येच्या घरातल्या मुलाचा फोटो, नाव, गाव कुठल्याही बॅनरवर, अहवालात जाऊ देऊ नका. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला त्याच कायद्याची बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. दाता फोटो मागतोच. पाठमोरी मुलं, वह्या, भिंतीवरची चित्रं द्या. त्या लेकराला उद्या त्याच शाळेत जायचं असतं.

अशा मुलांसाठी आधी सरकारी योजनेचं दार वाजवा. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळू शकतात; बालकल्याण समितीचा आदेश लागतो, चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. तेवढा भार तुमच्या अंदाजपत्रकातून उतरतो.

पैसा आल्यावर हजेरीवही आणि व्हाउचर एकमेकांसमोर ठेवून पाहा. तपासनीस हेच करतो. पटावर ६० मुलं म्हणून रोज ३६० रुपयांचे फुटाणे लावले आणि वहीत हजर ४१, तर बिल २४६ चंच बसतं. नोव्हेंबरचा खाऊखर्च ऑगस्टपेक्षा कमी यायलाच हवा.