काळ्या मातीत मुरणारे गोडे पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आमचे नगर परिषदेचे गाव आहे. येथील विहिरींचे पाणी खारे असल्यामुळे सगळ्यांची भिस्त धरणावरून नळाने येणाऱ्या पाण्यावर असते आणि उन्हाळ्यात ते पाचव्या दिवशी दोन तास येते. त्यामुळे गळतीचा विषय निघाल्यावर ‘जाऊ द्या, जमिनीतच मुरते ना’ असे कोणी म्हणाले की मला राहवत नाही. दुसरीकडे मुरलेले पाणी विहिरीतून पुन्हा उपसता येत असेल. आमच्याकडे ते खाऱ्या पाण्यात मिसळून कायमचे हातचे जाते.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरासमोरच्या जोडणीतून धार लागली होती, तिच्याखाली मी १५ लिटरची बादली धरली. ती एका मिनिटात भरली. म्हणजे दोन तासांच्या पाळीत १,८०० लिटर पाणी गेले. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेल्या माणशी दररोज ५५ लिटरच्या हिशेबाने ते ३२ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ही गळती निदान डोळ्यांना दिसत होती, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून तरी ती थांबवता आली.

न दिसणाऱ्या गळतीचे मूळ आमच्या काळ्या मातीत आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगांमध्ये हात जातो. दरवर्षीच्या या ओढाताणीत बिडाच्या आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या जुन्या, ताठ नळांचे सांधे निखळतात. सुटलेले पाणी वर येण्याऐवजी त्याच भेगांतून खाली उतरते. रस्ता कोरडा राहतो, कोणी तक्रार करत नाही आणि गळती महिनोन्महिने चालू राहते.

आमचे व्हॉल्व्हमन ती कानाने शोधतात. सब्बलीचे एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. “आयका भाऊ, खालून सू करून रायलं,” असे म्हणून त्यांनी एका पहाटे सब्बल माझ्याकडे दिली, तेव्हा शेजारच्या खोलीत स्टोव्ह पेटलेला असावा तसा बारीक, अखंड आवाज मला ऐकू आला. कोरिलेटर नावाचे यंत्र हेच काम दोन कानांनी करते. नळावर १०० मीटर अंतराने दोन सेन्सर लावतात आणि गळतीचा आवाज एकाकडे किती आधी पोहोचला ते मोजतात. लोखंडी नळातून आवाज सेकंदाला साधारण १,२०० मीटर जातो. फरक सेकंदाचा चाळिसावा भाग आला, तर दोन्हीकडच्या अंतरात ३० मीटरचा फरक आहे. म्हणजे गळती जवळच्या सेन्सरपासून ३५ मीटरवर आहे आणि फक्त तेथेच खड्डा खणावा लागतो. प्लास्टिकच्या नळात आवाजाचा वेग बराच कमी असतो आणि तो लवकर विरतो, म्हणून तेथे सेन्सर जवळजवळ लावावे लागतात.

मात्र या यंत्राला नळात दाब हवा आणि भोवती शांतता हवी. आमच्याकडे पाणी सुटले रे सुटले की घरोघरी टिल्लू पंप (नळातून थेट पाणी ओढणारे छोटे पंप) घरघरू लागतात. (त्यांच्या ओढीने, आणि नंतर नळ रिता झाल्यावरही, फुटलेल्या जागेतून नालीचे पाणी आत येते, हे वेगळेच.) म्हणून यंत्र आणण्याआधी मीटर बसवावा, असे माझे मत आहे. केंद्राच्या २००८ च्या सेवा निकषांनुसार बिनहिशेबी पाणी, म्हणजे सोडलेल्या पाण्यापैकी ज्याची पट्टी मिळत नाही ते, २० टक्क्यांच्या आत असावे. परंतु आमच्या टाकीच्या मुखाशी मीटरच नसल्यामुळे आमचा आकडा कोणालाच सांगता येत नाही. प्रभागाच्या तोंडाशी एक फ्लो मीटर बसवून, घरोघरच्या टाक्या भरल्यानंतर एक रात्रभर दाब कायम ठेवला, तर रात्री २ ते ४ या वेळेत मीटरमधून जाणारे पाणी बहुतांशी गळतीचेच असेल. कोरिलेटरही त्याच शांत वेळेत फिरवता येईल. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने (आपल्या बुलढाण्याच्या नव्हे) घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आहे, हे उदाहरण मी येथे अनेकदा सांगितले आहे.

एका रात्रीच्या दाबासाठी जास्तीचे पाणी कोठून आणायचे, असा प्रश्न मला पाणीपुरवठा विभागात विचारण्यात आला आणि तो रास्त आहे. मी एकाच गल्लीपुरती चाचणी मागितली आहे, कारण दिवाळीनंतर त्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होणार आहे आणि जुना बिडाचा नळ त्याच्याखाली जाणार आहे.