टांगणीला लागलेल्या जिवाचं माप

मंगळवार, रात्री उशिरा

'काय व्हायचं ते होऊ दे, पण एकदाचं होऊ दे' असं आपण म्हणतो, तेव्हा खरा जाच निकालाचा नसतो, टांगणीचा असतो. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली याचा पुरावाच दिला. लोकांना संगणकाच्या पडद्यावर दगड उलटायला लावले; खाली साप निघाला की हाताला खराखुरा विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजत राहिले. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोक त्यामानाने बरे होते. सगळ्यात जास्त ताण कधी, तर झटका बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना!

आज अनिश्चितता किती सोसवत नाही हे मोजणारी प्रश्नावली भरली. मूळची १९९४ ची, फ्रेंचमधली, २७ विधानांची. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्लटन आणि सहकाऱ्यांनी ती १२ विधानांवर आणली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं, त्याचे १ ते ५ गुण. बेरीज १२ ते ६० च्या मध्ये कुठेतरी. मधला ३ मोठा सोयीचा, कुठेच अडकवत नाही. दोन ठिकाणी ३ लिहून पुढे गेले, मग परत येऊन ४ केले.

माझी बेरीज मध्यमच आली. पण खरी गंमत बेरजेत नाही. बारांपैकी सात विधानं 'पुढचं आधीच कळायला हवं' या हव्यासाची आहेत. उरलेली पाच 'कळत नाही म्हणून हातपाय गळतात' या प्रकारची. दोन माणसांची बेरीज सारखी येईल आणि स्वभाव मात्र उलटे असतील. ताई पहिल्या जातीची. कुठलीही गोष्ट अधांतरी दिसली की फोन करून, चार जणांना विचारून सोक्षमोक्ष लावणार. माझे गुण जवळजवळ सगळे त्या पाचांतून आले. तपासणीचा रिपोर्ट आल्याचा मेसेज दुपारीच आलाय. मी तो उघडलेला नाही. मधल्या वेळात कपाट आवरलं, चहा केला, ही प्रश्नावली भरली. घरचे म्हणतात, हिचं बघा, किती शांत! ही शांती नव्हे, हे गोठणं आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्याला मी तरी काय करू?

संदिग्धतेचं खातं मात्र वेगळं. अनिश्चितता पुढे काय होईल याची. संदिग्धता समोर आहे त्याचाच अर्थ न लागण्याची. मानसशास्त्रज्ञ एल्झा फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांनी १९४९ मध्ये लिहिलेला प्रयोग आठवतो: कुत्र्याचं चित्र, मग एकेका चित्रागणिक थोडं बदलत शेवटी मांजर. संदिग्धता न सोसणारे मधल्या, धड कुत्रा ना धड मांजर अशा चित्रांनाही कुत्राच म्हणत राहतात. मला त्यांचा राग येत नाही. निदान ते काहीतरी म्हणतात तरी.

आणि रिपोर्ट उघडल्यावर आत 'सीमारेषेवर, काही दिवसांनी पुन्हा तपासा' असंच असेल तर? मग एवढं थांबून हाती काय, तर मधलं चित्र.

उद्या सकाळी ताईलाच उघडायला सांगते. तिचे दुपारपासून तीन फोन येऊन गेलेत.