सरांचा दरवाजा आणि हॅज गॉन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा शाळेतून फोन आला तेव्हा मला एकदम आठवी ब चा वर्ग आठवला, खिडकीजवळचा माझा बाक आणि फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली खडूची आडवी रेघ. इंग्रजीच्या सरांची रेघ. १९९१ साल होतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे आठवीत येईपर्यंत जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि टेन्स म्हटलं की आम्हाला फक्त तक्ता माहीत, बारा टेन्सचा, गो वेंट गॉन पाठ आणि कुठे काय वापरायचं त्याचा पत्ता नाही.

सरांनी पहिल्या दिवशी तक्ता काढलाच नाही. विचारलं, आई जेवायला हाक मारते तेव्हा तुम्ही काय ओरडता? सगळे म्हणाले, "आलो!" मग सर म्हणाले, आलात का? नाही ना, अजून विटीदांडू चालूच आहे. म्हणजे मराठीत रूप भूतकाळाचं आणि गोष्ट अजून घडायचीय. तसंच "पाऊस आला तर मॅच होणार नाही", आला म्हणतोय पण पाऊस कुठंय, आभाळ कोरडं. इंग्रजीत तिथे "इफ इट रेन्स", साधा वर्तमानकाळ, आणि "इफ इट विल रेन" म्हणायचं नाही. आपली भाषा चुकीची नाही रे, सर म्हणायचे, तिची काळ सांगायची पद्धत वेगळी आहे, म्हणून शब्दाला शब्द लावू नका, आधी घटना काळाच्या रेघेवर कुठे आहे ते बघा. हे मला तेव्हा इतकं पटलं की काय सांगू. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणजे आपण ढ, असं वाटायचं ते त्या दिवशी गेलं.

आणि मग तो दरवाजाचा तास. सरांनी पहिल्या बाकावरच्या एकाला उठवलं आणि वर्गाबाहेर पाठवलं. तो बाहेर व्हरांड्यात उभा, आम्ही आत. सर म्हणाले, कुठंय तो? बाहेर. आत्ता बाहेर आहे ना? मग "ही हॅज गॉन आउट". मग त्याला आत बोलावलं, जागेवर बसवलं, परत विचारलं, आता हॅज गॉन चालेल का? सगळा वर्ग गप्प. तो तर समोर बसलाय! आता "ही वेंट आउट", गेला होता, झालं, संपलं. मग सर म्हणाले, कोल्हापूरला जाऊन आलेल्या माणसाला काय म्हणाल, "ही हॅज बीन टू कोल्हापूर", आणि अजून तिकडेच असेल तर "ही हॅज गॉन टू कोल्हापूर". एवढा फरक मला नंतर कुठल्याही पुस्तकात इतका स्वच्छ दिसला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हॅड. आपण सहज म्हणतो "मी काल फोन केला होता" आणि त्याचं सरळ "आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे" करून टाकतो, आजही ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतं. सर म्हणायचे हॅडला जोडीदार लागतो, एक घटना आधीची आणि एक नंतरची. "द बस हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टँड." एकटीच घटना असेल तर हॅड कशाला, "आय कॉल्ड यू यस्टरडे" पुरे. तसंच हॅवच्या वाक्यात काल, परवा, सकाळी नऊ वाजता असं संपलेल्या वेळेचं नाव घ्यायचं नाही, "आय हॅव सेंट इट यस्टरडे" चूक. आणि पासून! "पाच वर्षांपासून" आणि "१९८६ पासून" दोन्हीकडे आपलं एकच पासून, तिथे मात्र फॉर फाइव्ह इयर्स आणि सिन्स १९८६, म्हणून "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" नाही तर "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स".

मी पुढे डिप्लोमा करून केमिकल प्लांटमध्ये लागलो, कुठल्या ते राहू दे. तिथे शिफ्ट बदलताना लॉगबुकमध्ये इंग्रजीत नोंद करावी लागते. एकदा सकाळी मी चार्ज घेतला तर रात्रीची नोंद "पंप वॉज स्टॉप्ड", बस एवढंच. बंद केला हे कळलं, पण आत्ता बंद आहे का परत चालू केला? पंप लांबच्या टाकीजवळ, तिथवर चालत जाऊन हात लावून बघितला तेव्हा कळलं की पहाटेच चालू केलेला. नुकसान काही झालं नाही, पण मी त्या दिवशी शिफ्टच्या पोरांना बसवून सरांचाच दरवाजा सांगितला. अजून बंद असेल तर "हॅज बीन स्टॉप्ड" लिहा, परत चालू केला असेल तर "वॉज स्टॉप्ड ॲट टू टेन, री-स्टार्टेड ॲट फाइव्ह", वेळेसकट. माणसाचा जीव जिथे अशा एका ओळीवर अवलंबून असू शकतो तिथे व्याकरण हा मार्कांचा विषय राहत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माझी मुलगी आता आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. मागच्या आठवड्यात वही घेऊन आली, बाबा हॅज गॉन आणि वेंट मध्ये काय फरक, मॅडमनी फॉर्म्युला दिलाय पण कळत नाही. मी पेपरच्या कडेला आडवी रेघ ओढली आणि शेजारी एक दरवाजा काढला. ती म्हणाली हा दरवाजा कशाला? म्हटलं सांगतो, आधी तू खोलीबाहेर जा.