किंमत : निरंक

सकाळी साडेसहाला आमच्या परिचराचा फोन आला. "सायेब, बाजारगल्लीत पाच कुत्रे पडेल हायेत. चार गेले, एक जित्तं हाय. आन् घंटागाडी निघाली."

शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम जोडलं होतं. मेलेलं जनावर एकदा घंटागाडीत पडलं की डेपोवर जातं, आणि मग ना शव, ना पंचनामा, ना केस. पायात चपला सरकवल्या आणि गाडीला किक मारली.

मी पशुधन विकास अधिकारी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात नोकरी. दिवस जातो तो अडलेल्या म्हशी, लाळ्या-खुरकुताची लस आणि कृत्रिम रेतन यांत. मोकाट कुत्री आमच्या रजिस्टरला फारशी येत नाहीत, कारण रजिस्टरच्या दुसऱ्याच रकान्यात मालकाचं नाव लागतं.

गल्लीत पोचलो तर जिवंत कुत्री एका ओट्याखाली पडली होती. तोंडाला फेस, अंगभर थरथर, खालची जमीन ओली. बॅटरी मारून डोळे पाहिले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इतकं पाहिलं की पुढचं ठरलेलं असतं. फवारलेला चारा खाल्लेले बैल आमच्याकडं असेच येतात, म्हणून दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, असतो. कुत्रीचं वजन बारा किलोच्या आसपास धरलं, म्हणजे 0.6 मिलिग्रॅमच्या चार अ‍ॅम्प्युल. थोडं शिरेतून, बाकीचं कातडीखाली. ओट्यावर बसलेली बांगडीवाली आजी तिचं डोकं मांडीवर धरून होती. विषबाधा झालेलं जनावर धरू नका, हात धुवा, असं मी दोनदा बजावलं. तिनं ऐकलं नाही.

"रातीच मले कळलं होतं भाऊ. कुत्रे असे नाही रडत."

वीसेक मिनिटांनी लाळ आटली. बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या. तोवर परिचरानं घंटागाडीवाल्याला चहा पाजून थांबवून ठेवलं होतं. हे काम त्याच्या नेमणूक आदेशात नाही.

आता खरी पंचाईत. पोलिसांचं मागणीपत्र असल्याशिवाय मी केस म्हणून शवविच्छेदन करू शकत नाही, आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय पोलीस पत्र देत नाहीत. एप्रिलचा महिना, दहालाच ऊन अंगावर येतं. त्या उन्हात शव चार तास राहिलं तर आतलं सगळं मऊ होऊन जातं. शेवटी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, गोणपाटात चारही शवं गुंडाळली आणि दवाखान्यामागच्या निंबाखाली ठेवली. मग आजीला आणि एका पोराला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पोरानं आदल्या रात्री गल्लीतल्याच एकाला कणकेचे गोळे टाकताना पाहिलं होतं.

ठाणे अंमलदार माणूस चांगला. त्याची म्हैस मीच सोडवलेली. त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "डॉक्टर, एनसी घेतो. कुत्र्याची एफआयआर कोण करतं?"

तिथं मी अडून बसलो. अदखलपात्र नोंद म्हणजे एक चिटोरं, कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याचं कलम 11 मी मोबाईलवर उघडून त्याच्यापुढं धरलं. त्या कायद्यात बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत हे खरं, पण क्रूर पद्धतीनं जीव घेणारा पोटकलम (एल) चा गुन्हा कलम 31 नं दखलपात्र ठरवलाय. आणि त्या पोटकलमात कंसात स्पष्ट लिहिलंय, भटक्या कुत्र्यांसह. 1982 च्या दुरुस्तीत कुणीतरी तो कंस घातला. सभागृहात त्याला कुणी हसलं असेल का, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला.

"शिक्षा किती?" त्यानं विचारलं.

"पहिल्यांदा असेल तर दहा ते पन्नास रुपये दंड."

तो हसला, शेजारचा हवालदारही हसला. मलाही हसू आलं, काय करणार. म्हटलं, "म्हणून दुसरं कलम लावा. भारतीय न्याय संहिता, 325. विष घालून जनावर मारणं, पाच वर्षांपर्यंत."

"ते गायीबैलांचं ना?"

"कुठलंही जनावर. जुन्या दंड संहितेच्या 428 ला दहा रुपयांची किंमत दाखवावी लागायची, 429 ला पन्नास. 1 जुलै 2024 पासून ती अट गेली."

तरी तो रेंगाळला. कारण मलाही माहीत होतं. गोळे टाकणाऱ्याच्या पुतण्याला दोन महिन्यांपूर्वी याच टोळीतलं कुत्रं चावलं होतं. पोराला लसीसाठी पुन्हा पुन्हा सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानं नगरपालिकेत दोन अर्ज दिलेले, पोच घेतलेले. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. तिथं कुणी हललं नाही, म्हणून हा माणूस हलला. त्याचा राग मला खोटा वाटत नाही. पण ते गोळे उद्या एखाद्या रांगत्या पोराच्या हाती लागले असते तर? एवढं बोललो तेव्हा कुठं ठाणे अंमलदारानं पेन उघडलं.

फिर्यादी कोण, असा प्रश्न आला. कुत्र्यांना मालक नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो, मालकच हवा असं नाही, हे समजावून होईपर्यंत आजीनं अंगठा पुढंही केला होता. शाईचं पॅड सुकलेलं. हवालदारानं त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले.

मागणीपत्र हातात पडायला साडेबारा वाजले.

निंबाखाली पत्रा टाकून कामाला लागलो. जठर उघडलं तसा लसणासारखा उग्र वास आला. अर्धवट भिजलेली कणीक, तिच्यात वाळूसारखे करकरणारे दाणे. परिचर म्हणाला, "थायमेट." केळीच्या बागेत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे प्रयोगशाळेनं सांगावं लागत नाही. थायमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, त्यावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, पण वास काही गेलेला नाही. मी मात्र अहवालात तो शब्द लिहिला नाही. लिहिलं एवढंच : विषबाधेचा संशय, अंतिम मत रासायनिक विश्लेषणानंतरसाठी राखून. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, तेव्हा वासावर उलटतपासणी होते.

व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, ठेवायला मोठ्या तोंडाच्या बरण्या हव्या होत्या, त्या दवाखान्यात नव्हत्या. परिचरानं किराणा दुकानातून लोणच्याच्या चार नव्या बरण्या आणल्या, पैसे मी दिले. एका शवाचं जठर आणि आतड्याचा तुकडा एकीत, यकृत-मूत्रपिंड दुसरीत, तसंच दुसऱ्या शवाचं. वरून संपृक्त मिठाचं पाणी. फॉर्मालिन कधीच नाही, त्यानं विषाची तपासणी बिघडते. वापरलेल्या मिठाची पुडीही वेगळी सील करावी लागते, नाहीतर विष मिठातच होतं असं म्हणायला वकील मोकळा. लाख वितळवता वितळवता बोट भाजलं. नाशिकच्या प्रयोगशाळेचा पत्ता लिहून बरण्या हवालदाराच्या ताब्यात दिल्या आणि सही घेतली.

संध्याकाळी तोच हवालदार पंचनामा पुरा करायला दवाखान्यात आला. "डॉक्टर, छापील नमुन्यात जनावराची किंमत आहे. काय टाकू?"

"कायद्याला लागत नाही आता."

"रकाना मोकळा ठेवला तर वरून परत येईल."

त्यानं चारही ओळींत लिहिलं : निरंक.

1960 च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. प्रयोगशाळेचा अहवाल तेवढ्यात येत नसतो. म्हणून मी दर सोमवारी ठाण्यात फोन करायचो, आणि ठाणे अंमलदार दर सोमवारी "आज साहेब नाहीत" म्हणायचा. ब्याऐंशीव्या दिवशी दोषारोपपत्र गेलं, अहवाल नंतर सादर करतो असं नमूद करून.

मागच्या आठवड्यात समन्स आलं. आजीलाही आलं. ते हातात घेऊन ती दवाखान्यात आली, मागोमाग ती कुत्री. आता अंगानं भरलीय, मागचा एक पाय मात्र जरा ओढत चालते.

"भाऊ, तारखेले हिले आनू का सोबत?"

नको म्हटलं. मग परिचराकडं पाहून म्हणाली, "बाहेर तं बसू शके ना?"