जुलाब सात, आकडा नॉर्मल

गेवराईकडच्या त्या बाईंचा रिपोर्ट अजून डोक्यातून जात नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, ओटीपोटाला रोज १.८ ग्रे (किरणमात्रेचं एकक) असे किरणांचे २५ शेक, जोडीला दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं औषध. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला सहा-सात जुलाब सुरू झाले. अशा वेळी रक्तातलं सिट्रुलीन घसरलेलंच असणार. आलं ३४ मायक्रोमोल प्रति लिटर. शेक सुरू होण्याआधी होतं ३६.

सिट्रुलीन हे अमिनो आम्ल मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ग्लुटामिनपासून बनवतात. या पेशी तीन-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. किरणांनी तळच्या मूळपेशी मेल्या की नवी भरती थांबते, आकडा उतरतो. निरोगी माणसात तो ४०च्या आसपास. १०च्या खाली गेला तर अस्तर फारच गेलं समजायचं. अणुअपघातात किती किरण लागले ते गुणसूत्रांवरून नेमकं कळतं, पण त्यासाठी पेशी वाढवण्यातच ४८ तास जातात, म्हणून अशा चयापचयी खुणांना एवढी किंमत. लाळग्रंथींना किरण लागले तर रक्तातलं अमायलेज हे विकरही दिवसभरात चढतं. पण ते गालगुंडातही चढतं.

सिट्रुलीन मोजणाऱ्या आमच्या लॅबच्या मशीनवर माझा संशय नव्हता. सिट्रुलीन आणि आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल यांच्या रेणुभारात जेमतेम एकाचा फरक आहे. जड कार्बन असलेलं थोडं आर्जिनीन नेमकं सिट्रुलीनच्या जागेवर येऊन बसतं. म्हणून दोघांची आलेखावरची शिखरं आधी कॉलमवरच, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतच, वेगळी व्हावी लागतात. सगळी भिस्त मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणुभार मोजणाऱ्या यंत्रावर, टाकणारे इथेच फसतात. आमची शिखरं स्वच्छ सुटी होती.

मग वॉर्डात गेले. "मावशी, रक्त दिलं तेव्हा उपाशी होतात ना?"

"उपाशीच व्हते की मॅडम. निस्त्या टरबुजाच्या फोडी खाल्ल्या पहाटं. शेकानं लई आग व्हती पोटात."

किलोभर टरबुजात सिट्रुलीन ग्रॅममध्ये असतं. आपल्या सगळ्या रक्तद्रवात मिळून ते २० मिलिग्रॅमच्या आसपास!

प्रश्न सुटला म्हणेपर्यंत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन आलं, १.८, म्हणजे वाढलेलं. सिट्रुलीन रक्तातून उचलून त्याचं आर्जिनीन करतं मूत्रपिंड. ते मंदावलं की सिट्रुलीन साचतं. जुलाब, मराठवाड्यातला मे महिना आणि सिसप्लॅटिन, मूत्रपिंड थकायला एवढं पुष्कळ.

दोन्हींतला फरक आर्जिनीनने सांगितला असता. टरबुजाने तेही वाढतं, मूत्रपिंड अडल्याने वाढत नाही. पण नळी बर्फाविना वॉर्डातच पडून राहिली होती, प्लाझ्मा गुलाबी. फुटलेल्या तांबड्या पेशींतलं आर्जिनेज हे विकर आर्जिनीनचं ऑर्निथीन हे वेगळंच आम्ल करून टाकतं. सिट्रुलीनला ते हात लावत नाही, म्हणून ३४ हे मोजमाप खरं. आर्जिनीनचा आकडा मातीमोल. नळी लगेच बर्फात, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, हे फॉर्मवर ठळक छापलेलं असतं. लाखोंचं यंत्र घेतात, नमुना धावत आणायला माणूस देत नाहीत.

सलाईन लावलं, सिसप्लॅटिन थांबवलं, टरबूज बंद. दोन दिवसांनी क्रिएटिनीन १.०, सिट्रुलीन १३. दोन्ही कारणं एकदमच हटली, त्यामुळे कोणी किती फुगवलं ते वेगळं काढता येत नाही. माझा कौल टरबुजाकडे, १.८ क्रिएटिनीनने एकट्याने १३चे ३४ होतील, हे पटत नाही.

दरम्यान ३४ पाहून रेसिडेंटने आतडं ठीक धरलं होतं, जुलाब जंतुसंसर्गाचे समजून अँटिबायोटिकही लिहून टाकलं होतं. आता त्याच वेळचं क्रिएटिनीन हातात आल्याशिवाय आणि पहाटे काय खाल्लं ते रुग्णाला स्वतः विचारल्याशिवाय सिट्रुलीनचा आकडा मी वॉर्डला कळवत नाही.